खाते म्हणते 'अभिलेख उपलब्ध नाही': जुन्या पाझर तलावाचे कागद कुठे आणि कसे शोधावेत?

प्रश्न थोडक्यात असा. औसा तालुक्यातल्या एका गावात १९७२ च्या दुष्काळात पाझर तलाव झाला. विचारणाऱ्याच्या आजोबांची जमीन त्याच्या बुडीत क्षेत्रात गेली, पण मोबदला मिळाल्याचे घरात कुणालाच आठवत नाही. अलीकडे वरच्या अंगाच्या एका कारखान्याचे पाणी ओढ्यावाटे तलावात उतरते, अशी गावाची तक्रार आहे. माहिती अधिकारात विचारले तेव्हा एका कार्यालयाने 'अभिलेख उपलब्ध नाही' असे कळवले, दुसऱ्याने 'सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही' म्हणून अर्ज परत केला, आणि प्रदूषणाबाबत कारखान्याच्या नावाचे एक पत्र तेवढे हाती आले. शिवाय गावाच्या खालच्या बाजूला निजामाच्या काळातला म्हणतात तो दगडी बंधारा आहे, त्याचेही कागद हवे आहेत. कुठून सुरुवात करावी?

मी पाटबंधारे खात्यात उपविभाग आणि विभाग अशा दोन्ही ठिकाणी काम केले आहे. निवृत्तीनंतर गावकऱ्यांना असे कागद शोधायला मदत करतो. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सगळ्यात आधी एक सवय सोडा. ज्या कार्यालयाने 'उपलब्ध नाही' म्हटले, त्याच्याकडेच तोच अर्ज पुन्हा पुन्हा करू नका. सरकारी कामाचा महत्त्वाचा कागद एकाच कार्यालयात कधीच राहत नाही. मान्यता एक कार्यालय देते, मोजणी दुसरे करते, पैसे तिसऱ्याकडून येतात, जमीन चौथे कार्यालय संपादन करते, आणि प्रत्येक टप्प्यावर पत्राखाली 'प्रत माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी' अशी यादी असते. आपल्याला शोधायची आहे ती दुसरी प्रत. मूळ फाइल हरवलेली असू शकते, भिजलेली असू शकते, रद्दीत गेलेली असू शकते. तिची भावंडे मात्र चार ठिकाणी विखुरलेली असतात. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागून मजलेच्या मजले फायली जळाल्या, त्यानंतर त्यातल्या बऱ्याच फायली जिल्ह्यांतून, विभागांतून प्रती मागवूनच पुन्हा उभ्या केल्या गेल्या. जे मंत्रालयाने केले तेच तुम्हाला करायचे आहे.

आता तुमच्या तलावाचे. १९७२ मध्ये लातूर जिल्हाच नव्हता. तो उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातून १६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला. तुमच्या तलावाला मान्यता मिळाली, माती पडली, सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) खोदला, तोवर सगळा कारभार उस्मानाबादहून चालला होता. जिल्हा फुटला की कागदही फुटतात. चालू प्रकरणे नव्या जिल्ह्याकडे जातात, बंद झालेली बहुतेक जुन्या ठिकाणीच राहतात, आणि मध्ये 'हस्तांतरण यादी' नावाचा एक कागद तयार होतो. लातूरला अर्ज करून 'उपलब्ध नाही' आले यात मला काहीच नवल वाटत नाही. दोन्ही जिल्ह्यांत अर्ज करा, आणि लातूरला मुद्दाम १९८२ नंतरच्या हस्तांतरण याद्या पाहायला मागा. हेच जालन्याबाबत (१९८१), गडचिरोलीबाबत (१९८२), नंदुरबार-वाशिमबाबत (१९९८), हिंगोली-गोंदियाबाबत (१९९९) आणि पालघरबाबत (२०१४) खरे आहे. त्या जिल्ह्यांतल्या वाचकांनीही हे लक्षात ठेवावे.

दुसरा घोळ तलाव कुणाचा याचा. दुष्काळी कामे जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रशासकीय मान्यतेने निघाली, पण ती उभी करणारी यंत्रणा वेगवेगळी होती. कुठे पाटबंधारे, कुठे बांधकाम खाते, कुठे जिल्हा परिषद, कुठे कृषी खात्याची मृदसंधारण शाखा. पुढे वाटणी झाली ती सिंचनक्षमतेवर. १०० हेक्टरपर्यंतची कामे जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे, १०१ ते २५० हेक्टरची राज्याच्या लघुसिंचन (स्थानिक स्तर) यंत्रणेकडे, त्यावरची पाटबंधारे खात्याकडे. नंतर जलसंधारण विभाग वेगळा झाला आणि २०१७ मध्ये त्याचे आयुक्तालय औरंगाबादला आले. त्यामुळे तलाव बांधला एकाने, सांभाळला दुसऱ्याने आणि आज यादीवर आहे तिसऱ्याच्या. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ६(३) प्रमाणे अर्ज चुकीच्या कार्यालयात आला तर तो योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, परत करायचा नसतो. तुमचा परत केला, हे प्रथम अपिलात स्पष्ट लिहा.

तलाव आज कुणाच्या यादीवर आहे हे कळायला मला सगळ्यात सोपी वाटते ती दुरुस्तीची फाइल. १९७२ चे तलाव कधी ना कधी गळतात, सांडवा वाहून जातो, भरावावर बाभळी माजतात. दुरुस्ती निघाली की अंदाजपत्रकाला जोडलेल्या अहवालात मूळ कामाची माहिती द्यावीच लागते: बांधकामाचे वर्ष, मूळ खर्च, पाणलोट क्षेत्र, साठवण क्षमता, बुडीत क्षेत्र, भरावाची लांबी-उंची. जलयुक्त शिवारात किंवा २०१७ पासूनच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत तुमच्या तलावाचे काम झाले असेल तर ती फाइल अलीकडची आहे आणि सापडण्याची शक्यता दांडगी आहे. तिच्यातून बुडीत क्षेत्राचा आकडा हाती आला की पुढचे सगळे शोध सोपे होतात. केंद्राच्या जलसाठ्यांच्या गणनेतही (२०२३ मध्ये जाहीर झाली, देशभरात २४ लाखांहून अधिक नोंदी) मालकी कुणाची हे नोंदवलेले आहे.

आता आजोबांच्या जमिनीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या काळात गावात चूल पेटत नव्हती. काम सुरू व्हावे म्हणून लोकांनी जमिनी ताब्यात दिल्या आणि कागद मागाहून होत राहिले, काही ठिकाणी झालेच नाहीत. म्हणून नेमका कुठला टप्पा पार पडला आणि कुठे थांबला, हे पाहायचे. क्रम तेव्हा साधारण असा होता: संमतीपत्र, ताबा पावती, संयुक्त मोजणी (संबंधित खात्यांनी मिळून केलेली), १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ चे जाहीर प्रकटन, कलम ९ च्या नोटिसा, कलम ११ चा निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश), आणि शेवटी कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल दाखवणारा कागद) होऊन सातबाऱ्यावर अंमल. यातला प्रत्येक कागद वेगळ्या घरचा आहे.

कलम ४ आणि ६ च्या अधिसूचना शासकीय राजपत्रात छापल्या जात. गावाचे नाव, सर्व्हे किंवा गट नंबर, संपादनाखालचे क्षेत्र, सगळे त्यात येते. राजपत्राच्या शेकडो प्रती निघतात, म्हणून हा कागद हरवतच नाही. औरंगाबादच्या शासकीय विभागीय ग्रंथालयात किंवा मुंबईच्या पुराभिलेखागारात जुन्या राजपत्रांचे बांधीव खंड पाहायला मागा. औरंगाबाद विभागीय पुरवणी, १९७२ पासून पुढची आठ-दहा वर्षे, पान पान उलटावे लागेल. कंटाळवाणे काम आहे, पण यात यश आले की 'जमीन संपादित झाली की नाही हेच आम्हाला माहीत नाही' हे उत्तर कुणालाच देता येत नाही.

संयुक्त मोजणी भूमी अभिलेख खात्याकडे. आज तालुक्याला उपअधीक्षक भूमी अभिलेख यांचे कार्यालय आहे. तिथे मोजणी नोंदवही आणि कमी-जास्त पत्रकाची फाइल मागा. संयुक्त मोजणीच्या नकाशावर बुडीत क्षेत्राची रेघ, प्रत्येक खातेदाराचे गेलेले क्षेत्र, विहीर आणि झाडे यांच्या नोंदी असतात. जमिनीचे मोल ठरते ते या नोंदींवर. इथे एक अडचण येईल. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. संपादन सर्व्हे नंबरावर झालेले आणि तुमचा सातबारा गट नंबराचा, असे असेल तर दोन कागद एकमेकांशी जुळणारच नाहीत. एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून जुना-नवा नंबर जुळवून घ्या, मगच पुढे जा. जुने सातबारे आणि फेरफार अनेक जिल्ह्यांचे 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर चढवलेले आहेत. तालुक्याला खेपा घालण्याआधी तिथे पाहा. फेरफारात 'पाझर तलावाकडे' अशी नोंद असेल तर तिच्याखाली ज्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख असते, तो क्रमांक जपून उतरवा.

निवाडा झाला आणि मोबदला कुणी उचललाच नाही, असेही घडते. हिस्सेदारांत वाद असेल किंवा रक्कम घ्यायला कुणी आलेच नाही, तर कलम ३१ प्रमाणे ती न्यायालयात जमा करायची तरतूद होती. तुमच्या बाबतीत ते उस्मानाबादचे न्यायालय असणार. हा दरवाजा सहसा कुणी ठोठावत नाही. म्हणून मुद्दाम सांगतो आहे.

तलाव बांधल्याचा पुरावा म्हणून आणखी दोन प्रती चालतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांवर तलाव कोणत्या आवृत्तीपासून दिसतो ते पाहा. आणि लँडसॅट उपग्रहाची चित्रे १९७२ च्या जुलैपासूनची आहेत, फुकट मिळतात. जुनी चित्रे भरड आहेत, लहान तलाव त्यात ठिपक्याएवढा दिसेल, पण पावसाळ्यानंतरच्या चित्रात पाणी ओळखता येते. 'तलाव रोजगार हमीतला आहे, नंतरचा आहे' असे कुणी म्हणाले तर त्या ठिपक्याने निकाल लागतो.

आता बांधकामाच्या कागदांबद्दल, कारण लोक 'तलावाची सर्व माहिती द्यावी' असा अर्ज करतात आणि कार्यालयाला नाही म्हणायला मोकळीक देतात. कागदाचे नाव घेऊन मागा. प्रशासकीय मान्यतेचा आदेश. तांत्रिक मान्यता. अंदाजपत्रक आणि त्याचा लीड तक्ता. मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे 'एमबी' म्हणतात. पूर्णत्वाचा दाखला आणि पूर्णत्वाचे नकाशे. हजेरीपट मागून उपयोग नाही. ते थोड्या वर्षांत नियमाप्रमाणेच नष्ट होतात. माझ्या मनाला ते फार लागते, कारण त्या दुष्काळात खडी फोडायला आलेल्या बायाबापड्यांची नावे आणि अंगठे एवढ्याच कागदावर होते.

एमबी कशी असते हे माहीत असले म्हणजे ती समोर आली तर काय पाहायचे ते कळते. कापडी पाठीचे पुस्तक, प्रत्येक पानाला छापील क्रमांक. पान फाडायला आणि खाडाखोड करायला मनाई. डावीकडे कामाचे वर्णन, पुढे संख्या, लांबी, रुंदी, खोली आणि शेवटी परिमाण. वर्णनात 'सा. क्र. ० ते ३०' असे साखळी क्रमांक येतात. म्हणजे भरावाचा कुठला तुकडा मोजला ते कळते. पाया-चराची खोदाई, गाभ्याची काळी माती, वरच्या थराचा मुरूम, दगडी पिचिंग, सांडव्याची खोदाई, प्रत्येकाचे माप वेगळे. खाली शाखा अभियंत्याची सही व तारीख, शेजारी उपअभियंत्याने तपासणी केल्याची खूण. बिल निघाले की त्या नोंदींवर तिरकी रेघ मारून प्रमाणकाचा (व्हाउचरचा) क्रमांक लिहायचा, म्हणजे तेच माप पुन्हा बिलात घेता येत नाही. सांडव्याची खोदाई किती खोलपर्यंत झाली ते एमबीत सापडले की मूळ पूर्ण संचय पातळीचा (तलाव काठोकाठ भरल्यावरच्या पाण्याच्या पातळीचा) अंदाज बांधता येतो, आणि 'पाणी तुमच्या बांधापर्यंत येतच नव्हते' या म्हणण्याला उत्तर मिळते.

लीड तक्त्याकडे तर कुणाचेच लक्ष जात नाही. माती, मुरूम, दगड कुठून आणायचा आणि किती अंतरावरून, याचा तो तक्ता. अंतरावर वाहतुकीचा दर ठरतो, म्हणून खाणीच्या जागेचा गट किंवा सर्व्हे नंबर त्यात किंवा जोडलेल्या आराखड्यात असतो. बुडीत क्षेत्रात नसलेल्या, पण माती काढून निकामी झालेल्या शेताचा पुरावा मला या तक्त्यातच मिळालेला आहे. तुमच्या गावात अशी खड्ड्यांची जमीन असेल तर मालकाला हे जरूर सांगा.

हे सगळे मागायचे कसे? महाराष्ट्राच्या नियमात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून एका अर्जात एकच कागद किंवा एकच नोंदवही. आणि प्रती मागण्याआधी पाहणी मागा. मी स्वतः पहिला अर्ज नेहमी असा लिहितो: 'मौजे अमुक येथील पाझर तलावासंबंधी आपल्या अभिलेख कक्षाच्या नोंदवहीतील, तसेच नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीतील नोंदींची पाहणी करू द्यावी.' बस्स. अभिलेख कक्षाच्या नोंदवहीत गठ्ठा क्रमांक, विषय, वर्गवारी, कक्षात आल्याची तारीख असते. वर्ग 'अ' म्हणजे कायम जपायचे, 'ब' म्हणजे ३० वर्षे, 'क-१' दहा वर्षे, 'क' पाच वर्षे, 'ड' एक वर्ष. फाइल कोणत्या वर्गात टाकली होती हे एकदा कळले की 'उपलब्ध नाही' या उत्तराचा अर्थ लावता येतो. 'अ' वर्गातली फाइल नसेल तर ती हरवली आहे आणि कुणाची तरी जबाबदारी आहे. 'क' वर्गातली १९८० सालीच नियमाने गेली असेल तर तिथे वेळ घालवू नका.

जिल्हा पातळीवरील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. त्याची प्रत बरोबर न्या. जाताना मोबाइल, एक जाड वही आणि हातरुमाल न्या. धूळ भयंकर असते. गठ्ठा सोडताना गाठ कापू नका, सोडा, आणि पाने ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने परत लावा. कसरीने खाल्लेली पाने चिकटलेली असतील तर ओढून सुटी करू नका, आहेत तशीच छायाचित्रे घ्या. अभिलेखपालाशी नीट बोला. वीस-पंचवीस वर्षे त्या खोलीत काढलेल्या माणसाला कुठल्या कपाटामागे काय आहे ते नोंदवहीपेक्षा जास्त ठाऊक असते.

आणि एक धागा कधीच सोडू नका: जावक क्रमांक. तुमच्या घरात, तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीत कुठेही त्या काळातले एक जरी पत्र सापडले तरी त्यावर कार्यालयाचा संकेत, जावक क्रमांक आणि तारीख असते. त्या कार्यालयाची जावक नोंदवही आणि ज्याला पत्र गेले त्याची आवक नोंदवही, दोन्हीत ती नोंद असायला हवी. तिथून संचिकेचा क्रमांक मिळतो. ज्यांची मूळ फाइल गेली आहे असे मला माहीत होते, त्यांतल्या बऱ्याच जणांना मी या वाटेने दुसऱ्या कार्यालयातल्या प्रतीपर्यंत नेले आहे.

इतके करूनही उत्तर 'उपलब्ध नाही' असेच आले तर कायदा तुमच्या बाजूने आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे ठरलेली पद्धत सोडून अभिलेख नष्ट करणे हा गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४(१)(क) प्रमाणे अभिलेख सूचीबद्ध ठेवणे हे कार्यालयाचेच कर्तव्य आहे. 'कागद सापडत नाही' एवढेच सांगून माहिती नाकारता येत नाही, नीट शोध घेऊन जबाबदारी ठरवली पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. अपिलात मागणी नेमकी करा: नष्ट केल्याचा आदेश दाखवा, नाहीतर शोध घेतल्याचा पंचनामा द्या, नाहीतर फाइल शपथपत्रावर गहाळ घोषित करून उपलब्ध प्रतींवरून पुन्हा तयार करा. तिसरी मागणी सर्वांत कामाची, कारण तोवर प्रती तुमच्या हातात आलेल्या असतात.

याच संदर्भात कार्यालयांतल्या अभिलेख स्वच्छतेच्या मोहिमांबद्दल बोलले पाहिजे. फायली सहा गठ्ठ्यांत विभागून ठेवण्याची सहा गठ्ठे पद्धत चांगली आहे, पुणे विभागातून सुरू झालेल्या, प्रलंबित कामे शून्यावर आणण्याच्या 'झिरो पेंडन्सी' मोहिमेनेही पुष्कळ कार्यालये माणसांत आणली. पण मोहिमेत वर्गवारी करायला बसतो तो बहुधा नवा लिपिक. त्याला लीड तक्ता काय, पूर्णत्वाचा नकाशा काय, हे कुणी सांगितलेले नसते. निळ्या छापाचे जुने नकाशे मोठे असतात, घड्या पडून फाटलेले असतात, कपाटात मावत नाहीत; ते पहिले बाहेर पडतात. धरणाच्या सुरक्षिततेसाठी उद्या ज्याची गरज लागणार, तोच कागद आज टेम्पोत जातो. प्रत्येक विभागात वर्गवारीच्या वेळी एक जुना अभियंता किंवा आरेखक शेजारी बसवला तरी हे नुकसान थांबेल. निवृत्त लोक चहाच्या पाण्यावर हे काम करायला येतील, मी तर नक्की येईन.

प्रदूषणाचे कागद वेगळ्या जातीचे. ते तुलनेने नवे आहेत आणि त्यांची पद्धत ठरलेली आहे. महाराष्ट्रात पाणी प्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ चा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चे. केंद्राचा कायदा त्यानंतर १९७४ ला आला. तुम्हाला मिळालेले 'पत्र' म्हणजे बहुधा संमतीपत्र, म्हणजे कारखाना चालवायला मंडळाने दिलेली परवानगी, असणार. ते पुन्हा नीट वाचा. त्यात रोज किती घनमीटर सांडपाणी निघेल, त्यावर कोणती प्रक्रिया होईल आणि ते कुठे सोडले जाईल, हे लिहिलेले असते. साखर कारखान्याच्या, आसवनीच्या (मद्यार्क प्रकल्पाच्या) संमतीपत्रात विल्हेवाट बहुधा 'स्वतःच्या जमिनीवर सिंचनासाठी' किंवा पुनर्वापर अशी असते. ओढ्याचे नाव तिथे नसेल तर ओढ्यात आलेला थेंबही अटीबाहेरचा आहे. मग पाणी किती घाण याच्या वादात न शिरताही तुमची तक्रार उभी राहते.

१९७४ च्या कायद्याच्या कलम २५(६) प्रमाणे संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते आणि त्या सांडपाण्याची झळ बसणाऱ्या माणसाला ती पाहण्याचा हक्क आहे. यासाठी माहिती अधिकाराचीही गरज नाही. लातूरच्या उपप्रादेशिक कार्यालयात साध्या अर्जावर, कलमाचा उल्लेख करून ही नोंदवही मागा. त्यानंतर माहिती अधिकारात एकेक कागद: भेट अहवाल, नमुन्यांचे पृथक्करण अहवाल, कारणे दाखवा नोटिसा, अंतरिम निर्देश, आणि बँक हमी जप्त केल्याचे आदेश. बँक हमी जप्त होते तेव्हा मंडळाने उल्लंघन लेखी मान्य केलेले असते, म्हणून हा आदेश हाती आला तर त्याचे वजन बाकी दहा कागदांपेक्षा जास्त. कारखान्याने दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचे पर्यावरण विवरणपत्र मागा. त्यात पाण्याचा वापर आणि सांडपाणी त्यांनी स्वतः लिहून दिलेले असते. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागली असेल तर जनसुनावणीचे इतिवृत्त आणि दर सहामाहीचे अनुपालन अहवालही असतात. व्यापारी गोपनीयतेचे कारण पुढे आले तर एवढे ध्यानात ठेवा की २० वर्षांपूर्वीच्या घटनांना, माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ८(३) प्रमाणे, ते कारण लागू पडत नाही.

इथेही दुसरी प्रत आहेच. ग्रामपंचायतीच्या पाणी स्रोतांच्या आरोग्य खात्याकडून होणाऱ्या तपासण्या, लाल-पिवळी-हिरवी कार्डे, जिल्हा प्रयोगशाळेचे अहवाल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी, ज्यांची पातळी वर्षातून चारदा मोजली जाते आणि पाण्याचे नमुनेही घेतले जातात. तलावाखाली अशी विहीर असेल तर कारखाना येण्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी ठेवता येतील. पाझर तलाव विहिरींसाठीच बांधतात, त्यामुळे घाण आधी तिथेच उतरणार. तुम्ही बाटलीत भरून नेलेल्या नमुन्याला मात्र कायद्यात फारशी किंमत नाही. १९७४ च्या कायद्याच्या कलम २१ ची पद्धत आहे, नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून. पाणी काळे आले की लगेच मंडळाला लेखी कळवा, वेळ घाला आणि पोच घ्या. अधिकारी आले नाहीत तर तीच पोच कामाला येते.

राहिला बंधारा. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा मुंबईच्या पुराभिलेखागारात याचा शोध घेऊ नका. १८२१ ला सुरू झालेल्या त्या दफ्तरात मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्याचे वर्षवार खंड आणि त्यांतली 'कंपायलेशन' (एका विषयाचा एकत्र बांधलेला पत्रव्यवहार) आहेत. खडकवासला, नीरा कालवा, भंडारदरा यांच्यासाठी ते अमोल आहे, औशासाठी नाही. विदर्भाचे नागपूरला पाहावे, कोल्हापूर संस्थानचे कोल्हापूरला. तुमच्यासाठी हैदराबादच्या तारनाक्याचे तेलंगणा राज्य अभिलेखागार. तिथले बरेच कागद उर्दूत आहेत आणि तारखा फसली सनात. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येते, म्हणजे १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. बांधकाम खात्याचे वार्षिक अहवाल इंग्रजीतही आहेत, आधी ते चाळा.

पण गाडीभाडे खर्च करण्याआधी तहसीलमधून १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची (त्या काळच्या जमीन नोंदीची) नक्कल काढा. बंधाऱ्याखालच्या जमिनींना 'बागायत' आणि पाण्याचा स्रोत 'सरकारी' असे लिहिले असेल, तर बंधारा खात्याचा होता आणि हैदराबादला कागद मिळण्याची आशा आहे. मालक म्हणून एखाद्या जहागीरदाराचे किंवा देवस्थानाचे नाव असेल, तर खात्याच्या दफ्तरात त्याचा माग लागणार नाही. तेव्हा इनाम आणि अतियात (सरकारने दिलेल्या देणग्यांच्या) नोंदींकडे वळा, त्या महसुलाकडे असतात.